सगळे तारे, काळे वगळून

६ जुलै १९३३ या दिवशी शिकागो शहरात, कोमिस्की पार्क नावाच्या मैदानावर बेसबॉलचा एक सामना झाला. त्याला नाव दिलं ऑल-स्टार. म्हणजे सगळे तारे. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या दोन एकमेकींशी खुन्नस ठेवून असलेल्या लीगांनी आपापले निवडक खेळाडू पहिल्यांदाच समोरासमोर उभे केले. तो सामना अजून दरवर्षी होतो, आणि इतिहासाची जाडजूड पुस्तकं त्याची कुंडली याच तारखेपासून मांडतात.

माझं म्हणणं सरळ आहे. हे नाव खोटं आहे. त्या दिवशी मैदानावर सगळे तारे नव्हते. सगळे गोरे होते.

दोस्तांनो, बेसबॉल आपल्या गल्लीतला खेळ नव्हे हे मला ठाऊक आहे. तेव्हा आधी थोडं सांगतो. हातात दांडू, समोरून चेंडू. चेंडू टाकणारा तो पिचर. चेंडू मैदानाबाहेर भिरकावला की होमरन, आपल्या सिक्सरचा थोरला भाऊ. चार कोपरे धावून मूळ जागी परत आलास की एक रन. एवढं कळलं तरी पुढचं कळतं. कारण पुढची गोष्ट चेंडूची नाहीच, ती मैदानात कोण उतरतो आणि कोण उतरू शकत नाही याची आहे.

१९३३ म्हणजे मंदीचं साल. कारखान्यांना कुलपं, पोटाला चिमटा. आणि शिकागोत त्याच वर्षी मोठं जागतिक प्रदर्शन भरलेलं. नाव काय, तर ‘प्रगतीचं शतक’! त्या प्रदर्शनाला जोड म्हणून शिकागो ट्रिब्यूनचा क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यानं या सामन्याची कल्पना काढली. खेळाडू निवडायला वर्तमानपत्रांतून वाचकांची मतं मागवली. सत्तेचाळीस हजारांवर माणूस लोटला. बेब रूथ तेव्हा ३८ वर्षांचा, पोट सुटलेला. तरी तिसऱ्या डावात त्यानं होमरन ठोकला. अमेरिकन लीग ४-२ नं जिंकली. रूथचा तो होमरन अजून गोडवे गाऊन सांगितला जातो. चांगला मारला असेल. माझं त्याच्याशी भांडण नाही.

माझं भांडण आहे ते बाजूला बसलेल्या म्हाताऱ्याच्या आणि मैदानाच्या नावाच्या गोष्टीशी.

नॅशनल लीगचा मॅनेजर म्हणून त्या दिवशी निवृत्त जॉन मॅग्रॉला मानानं बोलावलं होतं. हाच मॅग्रॉ १९०१ साली बाल्टिमोरच्या संघाचा मॅनेजर होता. त्याला चार्ली ग्रँट नावाचा एक काळा खेळाडू हवा होता. खेळ बघून त्याची लाळ गळली होती. पण काळ्याला घेता येत नव्हतं. मग त्यानं ग्रँटचं नाव ठेवलं टोकोहामा, आणि हा चेरोकी जमातीचा इंडियन आहे अशी थाप ठोकली. बिंग फोडलं कुणी? शिकागो व्हाइट सॉक्सचा मालक चार्ल्स कोमिस्की यानं. ज्याच्या नावाचं हे मैदान, तोच.

जात लपवून, आडनाव बदलून खोली भाड्यानं घेतलेल्या आपल्या पोरांना टोकोहामा कोण ते समजावून सांगायला नको. खेळ पाहिजे, पण खेळणाऱ्याचं खरं नाव नको. कष्ट पाहिजेत, माणूस नको.

आणि गंमत बघा. काळ्यांना बंदी आहे असा नियम मोठ्या लीगांच्या पुस्तकात कुठंच लिहिलेला नव्हता. १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर नावाचा काळा खेळाडू टोलेडोच्या संघातून मोठ्या लीगमध्ये खेळलाही होता. मग गोऱ्या खेळाडूंनी नाकं मुरडली. कॅप अ‍ॅन्सनसारखा नामवंत, काळा मैदानात असेल तर मी उतरणार नाही म्हणून अडून बसला. १८८७ साली इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठरवून टाकलं की यापुढं काळ्यांशी नवे करार करायचे नाहीत. त्यानंतर साठेक वर्षं सगळं मुकाट्यानं चाललं. त्याला म्हणायचे सभ्य गृहस्थांचा करार. सभ्य! १९४२ साली बेसबॉलचा सर्वेसर्वा, माजी न्यायाधीश लँडिस जाहीरपणे म्हणाला, असा कुठलाच नियम नाही, लेखी नाही आणि तोंडीही नाही. आणि खरंच, कागद मागितला तर दाखवायला कागद नव्हता.

मी गोदीत काम करतो. आमच्याकडंही कुठल्या भिंतीवर लिहिलेलं नाही, की ज्या मालानं डोळे जळतात आणि छाती भरते त्या मालावर कुणाची टोळी जाईल. तरी हजेरी झाली की पावलं बरोबर तिकडंच वळतात. मुकादमाला विचारा, तो पण म्हणेल, असा काही नियम नाही बाबा. न लिहिलेला कायदा सगळ्यात चिवट असतो. लिहिलेला निदान जाळता तरी येतो.

काहीजण विचारतील, शिकागोच्या मैदानाचं आपल्याला काय पडलंय? पडलंय. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना स्वतः पत्र लिहिलं, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ साली मुंबईत आपल्या माणसांनी संघटनेला नाव घेतलं तेही तिकडच्याच ब्लॅक पँथरवरून. नाव घेतलं, तर त्या नावामागचा सगळा हिशेबही वाचला पाहिजे. नुसता काळा कोट आणि मूठ घेऊन भागत नाही.

तर तो हिशेब असा.

जुलैचा सामना झाला. आणि दोन महिन्यांनी, १० सप्टेंबर १९३३ ला, त्याच कोमिस्की पार्कवर दुसरा सामना झाला. ईस्ट विरुद्ध वेस्ट. पूर्वेकडचे काळे तारे विरुद्ध पश्चिमेकडचे काळे तारे. काळ्यांच्या संघांना तेव्हा निग्रो लीग म्हणत. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचा मालक गस ग्रीनली यानं आपल्या साथीदारांसह हा सामना उभा केला. खेळाडू इथंही वाचकांच्या मतांनीच निवडले. पण मतं गोळा केली शिकागो डिफेंडर, पिट्सबर्ग कुरियर अशा काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी. डिफेंडर म्हणजे तो पेपर, जो आगगाडीत गोऱ्यांची अंथरुणं घालणारे काळे पोर्टर दक्षिणेत गुपचूप पोचवायचे. एकानं विकत घ्यायचा आणि दहाजणांनी वाचायचा. हातात छापखाना असला की काय करता येतं, हे या सामन्यानं दाखवलं. गोऱ्यांचा पेपर तुमचा तारा छापत नाही? तुम्ही तुमचा पेपर काढा, तुमची मतपत्रिका छापा, तुमचं आकाश स्वतः मांडा.

आणि कुठं मांडलं हे आकाश? शिकागोच्या दक्षिण भागात. काळ्यांची वस्ती मैदानाच्या पूर्वेला, मध्ये वेंटवर्थ अ‍ॅव्हेन्यू नावाची सडक. त्या सडकेच्या कुठल्या बाजूला काळ्यानं राहायचं आणि कुठल्या बाजूला गोऱ्यानं, हे पोराटोरांनाही पाठ होतं. याच शहरात १९१९ च्या जुलैत यूजीन विल्यम्स नावाचा काळा पोरगा तलावात पोहत होता. पोहत पोहत गोऱ्यांच्या पाण्याकडं गेला. वरून दगड आला आणि पोरगा बुडून मेला. मग पेटलेल्या दंगलीत ३८ माणसं गेली. त्यातली २३ काळी. पाण्यावर रेघ कशी मारतात हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. त्या शहरात, चौदा वर्षांनी, काळी माणसं ठेवणीतले कपडे घालून, बायकापोरांना घेऊन, तिकीट काढून, सडक ओलांडून त्या मैदानात शिरली. सुमारे वीस हजार माणूस. मंदीच्या सालात.

सामना वेस्टनं ११-७ नं जिंकला. विली फॉस्टरनं वेस्टकडून सगळेच्या सगळे नऊ डाव एकट्यानं पिचिंग केलं. ईस्टकडं ऑस्कर चार्ल्सटन होता, वाऱ्यासारखा पळणारा कूल पापा बेल होता. जॉश गिब्सन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा बदली खेळाडू म्हणून उतरला. त्याचा बाप दक्षिणेतून पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात राबायला आलेला. आणि या सामन्यातला पहिला होमरन मारला म्यूल सटल्सनं. अलाबामाच्या कोळसा खाणींच्या संघांतून वर आलेला दणकट गडी.

आता मला सांगा, एकाच साली, एकाच मैदानावर, दोन पहिले होमरन. रूथचं नाव आपल्या गोदीतल्यासुद्धा कुणीतरी ऐकलेलं असतं. सटल्सचं कोण ऐकतो? सटल्स १९६६ साली मेला. बेसबॉलच्या मानाच्या दालनात त्याचं नाव लागलं २००६ साली. चाळीस वर्षं मेलेल्या माणसाला थांबायला लावलं, साल्यांनी.

हा सामना मग दरवर्षी भरू लागला. माणसं आगगाड्या भरभरून शिकागोला यायची. तो आता खेळापुरता राहिला नव्हता, काळ्या माणसांची ती वर्षाची जत्रा झाली होती. १९४३ साली कोमिस्की पार्कवर ईस्ट-वेस्ट बघायला ५१,७२३ माणसं आली. त्याच वर्षी फिलाडेल्फियात झालेल्या गोऱ्यांच्या ऑल-स्टार सामन्याला ३१,९३८. ज्यांना ‘सगळ्या’त धरलं नव्हतं, त्यांच्याकडं गर्दी जास्त. आणि मैदानाचं भाडं जायचं कुणाला? गोऱ्या मालकांना. काळ्याच्या हाताला चेंडू द्यायला विटाळ होता, त्याच्या हातून भाडं घ्यायला नव्हता. न्यूयॉर्कच्या यँकीजनंही आपलं स्टेडियम काळ्यांच्या संघांना भाड्यानं देऊन चांगली कमाई केली. पैशाला जात नसते असं म्हणतात. नसतेच. तो घेणाऱ्याला असते.

पण आपल्या माणसांचं आहे म्हणून सगळंच गोड, असली भंकस मी करणार नाही. गस ग्रीनलीचा पैसा आकड्यांच्या धंद्यातला, म्हणजे आपल्या मटक्याच्या जातीचा. बँक काळ्याला कर्ज देत नव्हती हे खरं, तरी मालक तो मालकच. पन्नास हजारांचा गल्ला जमायचा आणि ज्यांच्या घामावर तो जमायचा त्यांच्या हातावर चिल्लर. १९४४ साली ईस्टचे खेळाडू अडून बसले, जास्त पैसे द्या नाहीतर खेळत नाही. मालकांना वाकावं लागलं. त्याच साली सॅचेल पेज, त्या काळातला सगळ्यात नामी पिचर, म्हणाला की या सामन्याचं उत्पन्न जखमी सैनिकांना द्या. त्याला सामन्यातूनच वगळलं. काळ्या मालकांनी वगळलं! तेव्हा आपला मुकादम आपल्या जातीचा असला म्हणून वजन हलकं होत नाही, हे खांद्यानं कायम लक्षात ठेवावं.

आता दार उघडल्याची गोष्ट.

२९ जुलै १९४५ च्या ईस्ट-वेस्ट सामन्यात कॅन्सस सिटी मोनार्क्सचा एक खेळाडू वेस्टकडून उतरला. जॅकी रॉबिन्सन. बरोबर महिन्याभरात ब्रुकलिन डॉजर्सचा ब्रँच रिकी यानं त्याला बोलावून घेतलं. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन मोठ्या लीगच्या मैदानात उभा राहिला. शिव्या, धमक्या, पायावर मुद्दाम मारलेले बूट, सगळं सोसून उभा राहिला. त्या माणसाला माझा सलाम आहे.

पण सलाम करताना हिशेबाचा कागद खिशात घालायचा नाही. रिकीनं मोनार्क्स संघाला रॉबिन्सनबद्दल किती पैसे दिले? शून्य. म्हणाला, तुमच्या लीगा म्हणजे भुरटा धंदा आहे, कसले करार नि कसली भरपाई! डॉन न्यूकम नेवार्क ईगल्सचा. त्याच्याबद्दलही शून्य. ईगल्सची मालकीण एफा मॅनले भांडकुदळ बाई होती. पुढं लॅरी डोबीला क्लीव्हलँडनं मागितलं तेव्हा तिनं किंमत वाजवून घेतली. पण गोऱ्या खेळाडूच्या मानानं ती किंमतही स्वस्तातलीच.

१९४९ च्या ऑल-स्टार सामन्यात पहिल्यांदा काळे उतरले. रॉबिन्सन, रॉय कॅम्पनेला, न्यूकम आणि डोबी. चौघंही निग्रो लीगांत घडलेले. जुलै १९३३ पासून मोजलं तर सोळा वर्षांनी ‘ऑल’ या शब्दात थोडा जीव आला. दरम्यान निग्रो नॅशनल लीग १९४८ साली बंद पडली. ईस्ट-वेस्ट सामना रखडत रखडत १९६२ पर्यंत कसाबसा चालला. आणि जॉश गिब्सन? तो २० जानेवारी १९४७ ला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मेला. रॉबिन्सन उतरायच्या तीनच महिने आधी.

दार उघडलं ते खेळाडूंपुरतं. तेही निवडक, पोरसवदा, सोसणाऱ्या खेळाडूंपुरतं. बोस्टन रेड सॉक्सनं पहिला काळा खेळाडू घेतला १९५९ साली. काळा अंपायर आला १९६६ साली. काळा मॅनेजर आला १९७५ साली. काळ्या संघांचे मॅनेजर, त्यांचे अंपायर, तिकिटं विकणारे, हॉटेलं चालवणारे, यांना कुणी आत बोलावलं नाही. त्यांचं घर मोडलं आणि नव्या घरात त्यांना खाट नव्हती. व्यवस्था अशी हुशार असते. तुमच्यातले चार हिरे वेचून घेते, बाकीची खाण बुजवते, आणि वर म्हणते, बघा, आम्ही भेदभाव करत नाही.

यावर एक मित्र मला म्हणाला, मग काय, रॉबिन्सननं जायचंच नव्हतं? काळ्यांनी आपापल्या कुंपणात खेळत बसायचं होतं? नाही. ते कुंपण काळ्यांनी हौसेनं घातलेलं नव्हतं. ते मोडायलाच हवं होतं. रॉबिन्सननं गेलंच पाहिजे होतं. पण दार ठोठावताना आपल्या वस्तीची किंमत विसरायची नाही, एवढंच. मॅनले बाई पैशासाठी भांडली तेव्हा तिच्याच माणसांतले काही तिच्यावर उलटले. म्हणे, प्रगतीच्या आड येते. माझ्या मते ती बरोबर होती. आत जाण्याचा हक्क आणि केलेल्या कामाचं मोल, दोन्ही एकाच दमात मागायचं. एक मिळतंय म्हणून दुसरं सोडलं, की जे मिळालं तेही त्यांच्या मेहरबानीचं होतं.

आता अगदी अलीकडचं. डिसेंबर २०२० मध्ये मोठ्या बेसबॉलच्या मालकांनी जाहीर केलं, १९२० ते १९४८ मधल्या निग्रो लीगांना आम्ही मोठ्या लीगांचा दर्जा देत आहोत. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत दप्तरात चढवले. आणि काय झालं? आयुष्यभराच्या बॅटिंग सरासरीत टाय कॉबचा .३६७ खाली गेला आणि वर आला जॉश गिब्सन, .३७२. सत्याहत्तर वर्षांपूर्वी मेलेला पोलाद कामगाराचा पोरगा यादीत पहिला!

वाचून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? दप्तर दुरुस्त होणं ही लहान गोष्ट नाही. ज्यांची नावं कधी कुठल्या वहीत चढलीच नाहीत, त्यांना त्याचं मोल कळतं. पण ‘दर्जा देत आहोत’ हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. दर्जा द्यायला तुम्ही कोण? फॉस्टरचे नऊ डाव तुम्ही दिलेत? सटल्सचा होमरन तुमच्या शिक्क्यानंतर मैदानाबाहेर गेला? दर्जा तिथंच होता, १० सप्टेंबर १९३३ ला, वीस हजार डोळ्यांच्या जोड्यांसमोर. तुम्ही फक्त तुमच्या वहीतली चूक सुधारलीत, ती पण देणेकरी मेल्यावर व्याज बुडवून. याला आभार मानायचे नसतात. पोच द्यायची, आणि बाकी रक्कम लिहून ठेवायची.

कोमिस्की पार्क १९९१ साली पाडलं. आता तिथं मोटारी उभ्या करायची जागा आहे. खेळपट्टीचं मूळ ठिकाण कुठं होतं, एवढी खूण तेवढी जमिनीत ठेवलीय. जुलैचे आणि सप्टेंबरचे, दोघांचे पाय तिथंच लागले होते. जमिनीनं कधी फरक केला नव्हता.

तेव्हा दोस्तांनो, यापुढं कुणी तुमच्यासमोर ‘अखिल’, ‘सर्व’, ‘समस्त’ असले शब्द टाकले, मग ते संमेलन असो, निवड समिती असो की पुरस्कारांची यादी, तर टाळ्या वाजवायच्या आधी यादी मागून घ्या. नावं मोजा. कोण नाही ते बघा. जे नाहीत ते त्या वेळी कुठं खेळत होते ते शोधून काढा, आणि आपल्या पानावर छापा. गल्ला कुणाकडं गेला तेही छापा. डिफेंडर आणि कुरियरनं तेच केलं म्हणून आज गिब्सनचे आकडे सापडले. त्यांनी छापलं नसतं तर २०२४ साली दप्तरात चढवायला होतं काय?